लिनक्सवर गेम: अडलेली वाट आणि ती मोकळी करणारे लोक

संगणकावरचा गेम पडद्याशी किंवा स्पीकरशी थेट बोलत नाही. तो ऑपरेटिंग सिस्टमकडे मागण्या करत राहतो: हे चित्र काढ, हा आवाज वाजव, कोणती कळ दाबली ते सांग. विंडोज या मागण्या एका पद्धतीने ऐकते, लिनक्स दुसऱ्या. त्यामुळे विंडोजसाठी बनलेला गेम लिनक्सच्या संगणकावर नुसता टाकून चालत नाही. लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टम आहे. तिचा सोर्स कोड कोणालाही वाचता येतो, बदलता येतो, वाटता येतो. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तिचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहायला घेतला. २०१७ पासून जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांपैकी प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. घरातल्या टेबलावर गेम खेळण्यासाठी मात्र लिनक्स वापरावे, असे म्हणायला कोणी धजावत नव्हते. हे चित्र पालटले ते २०१८ नंतर.

फोनवर खेळणाऱ्या बहुतेकांच्या हातात लिनक्सचा कर्नल आधीपासूनच आहे, कारण अँड्रॉइड त्याच्यावरच उभे आहे. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणलेला ‘इंडस बॅटल रॉयल’ अँड्रॉइडवर खेळणारा मुलगा त्या अर्थाने लिनक्सवरच खेळत असतो. पण फोनमधली सिस्टम वापरणाऱ्याच्या ताब्यात नसते. स्वतःच्या संगणकावर स्वतःच्या मर्जीची खुली सिस्टम टाकून तिच्यावर हवा तो गेम खेळता येणे ही वेगळी गोष्ट आहे आणि खरा झगडा तिच्यासाठी झाला.

सुरुवात वाईट नव्हती. ‘डूम’ हा प्रसिद्ध गेम बनवणाऱ्या इड सॉफ्टवेअरमधल्या डेव्ह टेलरने १९९४ मध्येच तो लिनक्सवर आणला. डिसेंबर १९९७ मध्ये कंपनीने ‘डूम’चा सोर्स कोड खुला केला, पुढे ‘क्वेक’चाही केला. तो कोड वाचून कित्येक जण गेम लिहायला शिकले. १९९८ मध्ये अमेरिकेत लोकी सॉफ्टवेअर नावाची कंपनी निघाली. इतरांचे गाजलेले गेम लिनक्ससाठी पुन्हा बांधून विकणे हा तिचा धंदा. १९९९ मध्ये ‘सिव्हिलायझेशन: कॉल टू पॉवर’ तिने लिनक्सवर आणला, त्यानंतर आणखी बरेच. पण विंडोजची आवृत्ती आल्यावर काही महिन्यांनी लिनक्सची यायची. तोवर उत्साही गिऱ्हाइकाने विंडोजवर तो गेम खेळून संपवलेला असे. जानेवारी २००२ मध्ये लोकी बंद पडली. तरी तिच्यामागे एक मोलाची गोष्ट उरली. तिथे काम करणाऱ्या सॅम लँटिंगाने लिहिलेली एसडीएल ही लायब्ररी चित्र, आवाज आणि जॉयस्टिकची कामे कोणत्याही सिस्टमवर एकाच पद्धतीने करून देते. आजही असंख्य गेम तिच्यावर उभे आहेत. कंपनी बुडाली तरी खुला कोड बुडत नाही, याचा इतका स्वच्छ दाखला दुसरा क्वचितच सापडेल.

प्रत्येक गेम पुन्हा बांधायचा तर तो बांधणारी कंपनी हवी, आणि गिऱ्हाईक थोडे असेल तर कंपनी येत नाही. कंपनी येत नाही म्हणून गेम नाहीत, गेम नाहीत म्हणून गिऱ्हाईक नाही. या चक्रातून सुटायची दुसरी वाट १९९३ पासूनच शोधली जात होती. तिचे नाव वाइन. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर, त्यांच्यात काहीही फेरफार न करता चालवायचे हा तिचा उद्देश. अलेक्झांद्र ज्युलियार १९९४ पासून हे काम सांभाळत आहेत. विंडोजचा कोड बंद असल्यामुळे तिच्याकडे होणारी प्रत्येक मागणी बाहेरून तपासून, तिचे वागणे पाहून, जोडीचा कोड शून्यातून लिहावा लागला. पहिली पूर्ण आवृत्ती, वाइन १.०, निघाली जून २००८ मध्ये, पंधरा वर्षांनी.

मधल्या काळात एक वाद झाला, तो इथे सांगायलाच हवा. वाइनचा परवाना सुरुवातीला फार सैल होता: कोड घ्या, बदला, विका, बदल परत देण्याचे बंधन नाही. ट्रान्सगेमिंग या कॅनडातल्या कंपनीने त्यावर गेमसाठी सुधारणा करून वाइनएक्स हे विकाऊ उत्पादन काढले. त्या सुधारणा मूळ प्रकल्पाला पूर्णपणे परत मिळत नव्हत्या. मार्च २००२ मध्ये वाइनने परवाना बदलून एलजीपीएल केला. त्यानंतर जो वाइनमध्ये बदल करून वाटेल त्याला ते बदल त्याच परवान्याखाली खुले करावे लागतात. पुढे मोठा पैसा या क्षेत्रात आला तेव्हा त्याचे फळ सर्वांच्या वाट्याला आले ते या निर्णयामुळे. ट्रान्सगेमिंगची ती सेवा २०११ मध्ये थांबली. वाइन चालू आहे.

मोठा पैसा आला तो व्हॉल्व कंपनीकडून. संगणकावरचे गेम विकणारे स्टीम हे सर्वांत मोठे दुकान व्हॉल्वचे. २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत मायक्रोसॉफ्टने स्वतःचे अॅप-दुकान आणले. आपला सगळा धंदा दुसऱ्याच्या जमिनीवर उभा आहे, ही जाणीव व्हॉल्वच्या गेब न्यूएल यांना तेव्हा टोचली आणि विंडोज ८ हे संगणकाच्या जगावरचे संकट आहे, असे ते उघडपणे बोलले. फेब्रुवारी २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आले. २०१५ मध्ये लिनक्सवर चालणारी ‘स्टीम मशीन’ ही गेमिंगची यंत्रे बाजारात आली आणि पडली. कारण जुनेच: लिनक्ससाठी बांधलेले गेम कमी.

तेव्हा व्हॉल्वने वाट बदलली आणि वाइनकडे मोर्चा वळवला. २१ ऑगस्ट २०१८ रोजी प्रोटॉन जाहीर झाले. वाइन, त्याला गेमसाठी लागणारी जोड आणि हे सगळे स्टीममध्ये एका बटणावर चालावे अशी मांडणी, म्हणजे प्रोटॉन. पहिल्या दिवशी २७ गेम तपासून मान्य केलेले होते. बाकीचे ज्याने त्याने स्वतःच्या जबाबदारीवर चालवून पाहायचे.

प्रोटॉन काय करते ते कोकणातल्या गुहागर तालुक्यातल्या वाचकाला चटकन कळेल. धोपाव्याच्या धक्क्यावर आलेली मोटार दाभोळची खाडी ओलांडण्यासाठी होडी होत नाही. फेरीबोट तिला आहे तशी उचलून पलीकडे उतरवते, नाहीतर चिपळूण-खेडचा लांबचा वळसा. लोकी करत होती ते मोटारीची होडी करण्याचे काम. प्रोटॉन ही फेरीबोट आहे. गेम तोच, त्याची फाइल तीच.

या बोटीचा सर्वांत अवघड भाग चित्रांचा होता. विंडोजचे बहुतेक गेम त्रिमितीय चित्रे काढण्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टथ्रीडीला हाका मारतात. वाइन पूर्वी त्यांचे रूपांतर ओपनजीएल या जुन्या पद्धतीत करत असे. त्यात वेग जात असे आणि नवे गेम अडखळत. फेब्रुवारी २०१६ मध्ये ख्रोनॉस या संघटनेने व्हल्कन हे नवे खुले मानक आणले. त्यात ग्राफिक्स कार्डाशी फार जवळून बोलता येते. ‘नीअर: ऑटोमाटा’ हा जपानी गेम लिनक्सवर खेळता यावा म्हणून फिलिप रेबोले या जर्मन तरुणाने डायरेक्टथ्रीडीच्या हाका व्हल्कनमध्ये बदलणारा डीएक्सव्हीके हा प्रोग्रॅम लिहायला घेतला. व्हॉल्वने त्याला त्याच कामावर नेमले. एका खेळाडूच्या हट्टातून निघालेला हा कोड पुढे लाखो संगणकांवर गेला.

त्याच्याखाली ग्राफिक्स कार्डाचे ड्रायव्हर लागतात. इंटेल आणि एएमडी यांच्या कार्डांसाठी मेसा या खुल्या प्रकल्पाचे ड्रायव्हर आहेत आणि ते लिनक्सबरोबरच येतात. एएमडीच्या कार्डांसाठीचा व्हल्कन ड्रायव्हर तर कंपनीबाहेरच्या लोकांनी २०१६ मध्ये सुरू केला आणि तो इतका सरस निघाला की गेमसाठी बहुतेक जण तोच वापरतात. एनव्हिडियाने कित्येक वर्षे सारे बंद ठेवले. मे २०२२ मध्ये तिने ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला. खुद्द कर्नलमध्येही गेमसाठी बदल झाले. विंडोजचे गेम एकाच वेळी अनेक धाग्यांवर (थ्रेडवर) काम करतात आणि ते धागे एकमेकांची वाट पाहतात. ही वाट पाहण्याची विंडोजची रीत लिनक्समध्ये नव्हती. तिची सोय आधी २०२२ च्या ५.१६ आवृत्तीत आणि मग अधिक नेमकेपणाने मार्च २०२५ च्या ६.१४ आवृत्तीत झाली. या कामाचे पैसे व्हॉल्वने कोडवीव्हर्स, कोलाबोरा, इगालिया अशा कंपन्यांना दिले, पण कोड सर्वांचा झाला.

२८ फेब्रुवारी २०२२ रोजी स्टीम डेक हे हातात धरून खेळायचे यंत्र विक्रीला आले. त्यावर आर्च लिनक्सवर बेतलेली स्टीमओएस चालते. आता गेम बनवणाऱ्या कंपन्यांना लिनक्सची दखल घ्यावी लागली, कारण डेकवर गेम चालला नाही तर विक्री बुडते. स्टीमच्या मासिक पाहणीत लिनक्सचा वाटा बरीच वर्षे एक टक्क्याच्या आसपास घोटाळत होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो पहिल्यांदा तीन टक्क्यांच्या वर गेला. आकडा लहान दिसतो. पण स्टीमवर खेळणाऱ्यांची संख्या कोट्यवधींची आहे, म्हणून त्याचा अर्थ लहान नाही.

सगळे गेम मात्र चालत नाहीत. अडचण आहे फसवेगिरी पकडणाऱ्या अँटी-चीट प्रोग्रॅमांची. यातले काही थेट विंडोजच्या कर्नलमध्ये शिरून पहारा करतात. तसा पहारा लिनक्सवर प्रोटॉनमधून होऊ शकत नाही. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन मोठ्या प्रणालींनी २०२१ मध्ये प्रोटॉनसाठी सोय केली, पण ती चालू करायची की नाही हे गेमच्या कंपनीच्या हाती राहिले. भारतात लोकप्रिय असलेला ‘व्हॅलोरंट’ लिनक्सवर चालत नाही, ‘फोर्टनाइट’ही नाही. ‘एपेक्स लेजंड्स’ चालत होता, तो ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी कंपनीने बंद केला. मित्रांबरोबर ‘व्हॅलोरंट’ खेळणे एवढाच ज्याचा हेतू आहे, त्याने लिनक्सच्या नादी लागू नये, हे आधीच स्पष्ट सांगितलेले बरे. ‘काउंटर-स्ट्राइक २’ आणि ‘डोटा २’ मात्र व्हॉल्वने स्वतःच लिनक्ससाठी बांधलेले आहेत.

गुहागरसारख्या गावात हा विषय येतो तो जुन्या संगणकाच्या निमित्ताने. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा नंतरचा लागतो. म्हणजे २०१५ ते २०१७ च्या सुमाराचे, सहाव्या-सातव्या पिढीचे धडधाकट संगणक एका रेषेने बाहेर पडले. याच प्रोसेसरांमधले ग्राफिक्स लिनक्सवर व्हल्कन नीट हाताळते. मायक्रोसॉफ्टने ज्यांना निवृत्त केले, त्यांच्यावर डीएक्सव्हीके चालते. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर अवजड नवे गेम त्यांच्याकडून ओढले जाणार नाहीत. पण ‘जीटीए: व्हाइस सिटी’च्या काळातले गेम आणि अलीकडचे कितीतरी छोटे गेम सुखाने चालतील. त्याहून बऱ्याच जुन्या यंत्रांवर डीएक्सव्हीकेच्या नव्या आवृत्त्यांची आशा धरू नये. तिथे वाइनची जुनी ओपनजीएलची वाट उरते. शाळेच्या संगणक-कक्षात ज्यांनी ‘डेंजरस डेव्ह’ आणि ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळले, त्यांच्यासाठी डॉसबॉक्स आहे. तो कोणत्याही यंत्रावर चालतो.

अशा संगणकावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहावे. हार्ड डिस्कला हात न लावता सगळे तपासता येते: वायफाय लागते का, आवाज येतो का, पडदा नीट दिसतो का. मग स्टीम टाकून त्याच्या सेटिंगमध्ये प्रोटॉन चालू आहे ना, ते पाहावे. स्टीमबाहेरच्या गेमसाठी ल्युट्रिस आणि हिरोइक ही दोन खुली साधने आहेत. एखादा गेम चालतो का, हे प्रोटॉनडीबीवर खेळाडूंनी लिहिलेल्या अहवालांत आधी पाहता येते.

डाउनलोडचा प्रश्न खेड्यात मोठा असतो, कारण नवे गेम पन्नास-शंभर जीबीचे निघतात. २०२३ पासून स्टीम एका संगणकावर उतरवलेला गेम घरातल्या नेटवर्कवरून दुसऱ्याला देऊ शकते. म्हणजे एकाच खात्यातला किंवा दोघांनी विकत घेतलेला गेम दोनदा उतरवावा लागत नाही. गणपतीला मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्याने हार्ड डिस्कवर गेमचा फोल्डर आणला तरी ज्याच्या खात्यात तो गेम आहे त्याला स्टीम तो वापरू देते.

मुळातच खुले असलेले गेम असतील तर हाही व्याप नको. ‘सुपरटक्सकार्ट’ ही गाड्यांची शर्यत आणि ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ हा २००३ पासून वाढत आलेला डावपेचांचा गेम दोन्ही जुन्या यंत्रांवरही पळतात. ‘झिरो ए.डी.’मध्ये प्राचीन साम्राज्ये उभारता येतात. त्यात भारताचे मौर्यही आहेत. हे गेम पेनड्राइव्हवर भरून वर्गभर वाटणे कायदेशीर आहे. त्यांचा परवानाच तसे सांगतो. ज्या देशात एका पिढीने गेम ओळखले ते चोरट्या सीडींमधून, तिथे मुलांच्या हातात राजरोस वाटता येणारी वस्तू देणे ही साधी गोष्ट नाही. चोरट्या प्रतींबरोबर येणारे व्हायरस टळतात, हा लाभ वेगळाच.

मुलांच्या हातात खुली सिस्टम आणि खुले खेळ देण्याचा प्रयोग महाराष्ट्रात एकदा खेड्यातल्या शाळेत झालेला आहे. प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप या जागतिक योजनेचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैरात या गावी, धनगरवाड्याच्या एकशिक्षकी प्राथमिक शाळेत सुरू झाला. मुलांना मिळालेला हिरवा-पांढरा एक्सओ लॅपटॉप ४३३ मेगाहर्ट्झचा, २५६ एमबी मेमरीचा. त्यावर फेडोरा लिनक्स आणि शुगर ही मुलांसाठीची मांडणी. त्यात जोड्या लावायचा ‘मेमोराइझ’ होता आणि त्याच्या जोड्या मुलांना स्वतः बनवता येत. कासवाकडून चित्र काढून घेणारा ‘टर्टल आर्ट’ होता. कळफलकावर चालू प्रोग्रॅमचा कोड दाखवण्यासाठी खास एक कळ होती. खेळ आणि खेळाची घडण एकाच यंत्रात मिळत होती. या लॅपटॉपसाठी इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने ‘सिमसिटी’ देऊ केला आणि जानेवारी २००८ मध्ये त्याचा मूळ कोड ‘मायक्रोपोलिस’ या नावाने खुला झाला. पुढे ही योजना भारतात फारशी पसरली नाही. केरळने मात्र शालेय शिक्षणच मुक्त सॉफ्टवेअरवर नेले आणि २०१७ मध्ये पहिली ते चौथीसाठी ‘कळिप्पेट्टी’ ही संगणकाची पुस्तके खेळांभोवती गुंफून काढली. ते खेळ लिनक्सवर चालतात. महाराष्ट्रात संगणकाची ओळख बहुतेकांना होते ती २००१ पासून चालणाऱ्या एमएस-सीआयटीतून. तो अभ्यासक्रम विंडोज आणि एमएस ऑफिसवर बेतलेला आहे, म्हणून ‘संगणक म्हणजे विंडोज’ ही समजूत इथे पक्की झाली. ती पहिलीपासूनच्या खेळांनी जितकी सैल होईल तितकी भाषणांनी होणार नाही.

लिनक्सवरच्या गेमना हातभार लावायला प्रोग्रॅमर असण्याची गरज नसते. विकत घेतलेला गेम लिनक्सवर खेळला तर त्याची नोंद लिनक्सच्या खात्यात होते. प्रोटॉनमधून खेळला तरीही. कंपन्या हाच आकडा पाहतात. गेम अडखळला तर नुसते ‘चालत नाही’ असे लिहून उपयोग नसतो. कोणते लिनक्स, कोणते ग्राफिक्स कार्ड, कोणता ड्रायव्हर, प्रोटॉनची कोणती आवृत्ती, नेमके कोणत्या क्षणी बंद पडले, आणि जोडीला प्रोटॉनची नोंद-फाइल, एवढे दिले की अहवाल कामाचा होतो. प्रोटॉन प्रकल्पात अशा अहवालांसाठी प्रत्येक गेमला वेगळी जागा ठेवलेली आहे. स्वस्त किंवा जुन्या यंत्रांवरचे अहवाल विशेष मोलाचे, कारण परदेशातल्या विकसकांकडे अशी यंत्रे नसतात. गुहागर तालुक्यातल्या वेळणेश्वरला विद्या प्रसारक मंडळाचे महर्षी परशुराम अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याने वाइनमधली एक चूक शोधून दुरुस्त केली तर त्याचे नाव प्रकल्पाच्या इतिहासात कायमचे राहते आणि नोकरीच्या मुलाखतीत दाखवायला खरे काम हाती असते.

दुसरे काम भाषांतराचे. खुल्या गेममधली प्रत्येक ओळ एका मजकूर-फाइलीत वेगळी काढलेली असते. मूळ वाक्यासमोर मराठी वाक्य लिहायचे, एवढेच. हे काम शाळेतल्या शिक्षकालाही जमते. मुलांना काय कळते हे त्यालाच ठाऊक असल्यामुळे, बहुधा त्यालाच ते सर्वांत चांगले जमेल.

मराठीत नवे गेम करायचे तर एक जुनी अडचण होती. गोडो हे गेम बनवण्याचे खुले साधन अर्जेंटिनाच्या दोन विकसकांनी २०१४ मध्ये सर्वांना दिले. ते लिनक्सवर उत्तम चालते आणि एकदा बनवलेला गेम लिनक्स, विंडोज, अँड्रॉइड तिन्हींवर नेता येतो. पण त्यात देवनागरी फुटत असे: वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला, जोडाक्षरे सुटी. मार्च २०२३ च्या गोडो ४.० मध्ये जोडाक्षरांच्या लिपींसाठी पूर्ण सोय झाली आणि ‘ज्ञानेश्वर’, ‘वार्‍यांचा’ असे शब्द जसेच्या तसे उमटू लागले. अक्षरांसाठी मुंबईच्या एक टाइपने बनवलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट आहेत. रेड हॅटने खुले केलेले आणि पुण्यातल्या चमूने सांभाळलेले लोहित फॉन्ट आहेत. सारे फुकट आणि गेमबरोबर वाटण्याची परवानगी असलेले. चित्रांसाठी क्रिटा आणि ब्लेंडर, आवाजासाठी ऑडॅसिटी. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे आणि इतर मुक्त सॉफ्टवेअरचे पाठ मराठी निवेदनासह केले आहेत. ते एकदा उतरवून ठेवले की इंटरनेट नसतानाही पाहता येतात.